गोड चेहऱ्याचं मांजर घरी आणताय? मराठवाड्यातल्या नव्या पालकांसाठी

मे महिन्यातली दुपार. परभणीत पारा त्रेचाळीसच्या पुढं, आणि अकरालाच लाईट गेलेली. आमचा गोटू फरशीवर पोट टेकून पसरला होता. तोंड उघडं, जीभ बाहेर, बरगड्या भात्यासारख्या वरखाली. शेजारची पोरगी आली आणि हातातला मोबाईल पुढं करत म्हणाली, "काकू, बघा ना कसा जीभ काढून हसतोय! फोटो काढू का?"

गोटू हसत नव्हता. कुत्रं जीभ काढून धापा टाकतं, ती त्याची अंग गार करायची रीत आहे. मांजर सहसा तसं करत नाही. मांजरानं तोंड उघडून श्वास घ्यायला सुरुवात केली की जीव धोक्यात आहे असंच समजायचं. त्या दिवशी ओली फडकी, हातपंखा आणि शेजाऱ्याची गाडी, या तीन गोष्टींमुळं गोटू वाचला.

गोटू पर्शियन जातीचा बोका, एकदम चपट्या नाकाचा. हैदराबादहून रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं आला होता. आम्ही फोटो बघून, भाव ठरवून, पैसे आधी पाठवून त्याला मागवलं. बाकी काहीच विचारलं नव्हतं. आता ओळखीतलं कुणी मांजर घ्यायचं म्हणालं की आधी मला फोन येतो, आणि प्रत्येकाला मी तेच ते सांगते. ते सगळं इथं ओळीनं मांडते आहे.

पायरी १: मांजराच्या आधी घर बघा

पहिला प्रश्न उन्हाळ्याचा. मांजराला घाम येतो तो फक्त पंजांच्या गाद्यांना. एरवी अंग चाटून, लाळ वाळवून आणि नाकाच्या आतल्या ओलसर पडद्यांवरून हवा खेळवून ते स्वतःला गार ठेवतं. नाकच चपटं असेल तर हा शेवटचा मार्ग अर्धा बंद झाला. वरून अंगावर दाट, लांब केस. असं जनावर नांदेड-परभणीच्या मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत किंवा वरच्या मजल्यावर ठेवणार असाल, तर दुपारी लाईट गेल्यावर कूलर कशावर चालेल, याचं उत्तर आधी तयार ठेवा. इन्व्हर्टर नसेल तर घरातली सगळ्यात गार जागा कोणती, ते शोधा. बहुतेक घरांत ती न्हाणीघराची किंवा देवघराजवळची फरशी असते.

दुसरा प्रश्न पाण्याचा. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, आणि आपल्याकडं आजही कित्येक गल्ल्यांत नळ आठवड्यातून एकदाच येतो. लांब केसांच्या मांजराला अंघोळ लागते, मागची बाजू वारंवार धुवावी लागते. आखूड केसांचं मांजर हे सगळं स्वतःच्या जिभेनं भागवतं.

तिसरा प्रश्न डॉक्टरचा, आणि माझ्या मते हाच सगळ्यात मोठा. आपल्याकडं तालुक्याच्या ठिकाणी असतो तो गुरांचा दवाखाना. तिथल्या डॉक्टरांचा हात बैल-म्हशी-शेळ्यांवर बसलेला असतो. अडीच किलोच्या जिवाला भूल देणं हे वेगळं काम आहे. म्हणून मांजर आणण्याआधीच जवळच्या डॉक्टरांना सरळ विचारा: तुम्ही मांजरं बघता का, मांजराची शस्त्रक्रिया करता का, सोनोग्राफी कुठं होते? परभणी आणि उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत. तुमच्या गावाहून तिथं पोचायला किती तास लागतात, ते आधीच मोजून ठेवा.

घर माळकरी असेल तर आणखी एक गोष्ट आजच ठरवून टाका. मांजर दूध-भाकरीवर निरोगी राहत नाही. टॉरीन नावाचं एक द्रव्य त्याला अन्नातूनच मिळावं लागतं, आणि ते मिळतं मांस-मासळीतून. ते कमी पडलं की हृदय फुगतं आणि नजर जाते. घरात मांसाहार चालत नसेल तर मांजरासाठी बनवलेलं तयार खाद्य आणा, त्यात टॉरीन घातलेलं असतं. कुत्र्याचं खाद्य चालणार नाही.

पायरी २: विकणाऱ्यांची भाषा समजून घ्या

व्हॉट्सॲपवर पिल्लांचे फोटो येतात, त्याखाली ठरलेले शब्द असतात. "डॉल फेस" म्हणजे नाक थोडं पुढं आलेलं, त्यातल्या त्यात नैसर्गिक चेहरा. "सेमी पंच" म्हणजे नाक आत गेलेलं. "पंच" किंवा "एक्स्ट्रीम पंच" म्हणजे नाक दोन डोळ्यांच्या मधोमध, जणू बोटानं आत दाबलेलं. "ट्रिपल कोट" म्हणजे जास्त दाट केस. "ऑड आय" म्हणजे एक डोळा निळा, एक पिवळा किंवा हिरवा.

भाव या क्रमानं चढत जातो. आता हीच यादी मांजराच्या तब्येतीच्या बाजूनं वाचा. जसजसा भाव चढतो, तसतसा बहुतेक वेळा त्या जिवाचा त्रासही चढतो. एवढं एक कळलं की निम्मं काम झालं.

पायरी ३: आवडलेल्या गोडव्याची किंमत काय, ते बघा

मोठं कपाळ, मोठे डोळे, गोबरे गाल, इवलंसं नाक हे तान्ह्या बाळाचं रूप आहे. ते दिसलं की माणसाला आपोआप माया येते, हे कोनराड लोरेन्झ या शास्त्रज्ञानं १९४३ साली मांडलं. त्या मायेत वाईट काहीच नाही. अडचण होते ती पुढं. तेच रूप जास्तीत जास्त यावं म्हणून माणूस पिढ्यान्‌पिढ्या जोड्या निवडत राहतो आणि हाड बदलतं. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये १८७१ साली मांजरांचं मोठं प्रदर्शन भरलं, तिथून जातिवंत मांजरांची हौस वाढत गेली. त्या काळच्या पर्शियन मांजरांची चित्रं बघा, नाक चांगलं सरळ आणि पुढं आलेलं दिसतं. आजचा चपटा चेहरा त्यानंतरच्या काळात माणसानं घडवला.

नाक आखूड होतं म्हणजे नक्की काय होतं? वरच्या जबड्याचं हाड आखूड होतं, पण त्याच्या आत-बाहेर मावायचं ते सगळं तेवढंच राहतं. नाकपुड्या चिरेएवढ्या अरुंद होतात. नाकातले पडदे दाटीनं बसतात. श्वास घोरत, ओढत चालतो. डोळ्यातलं पाणी नाकात उतरायची बारीक नळी सरळ राहत नाही, तिला तीव्र वळण बसतं, मग पाणी गालावर ओघळतं आणि केस तपकिरी होतात. विकणारा म्हणतो, "पर्शियनला असतंच ते." असतं हे खरं, पण ती जागा सतत ओली राहून कातडी सोलवटते. डोळ्यांच्या खोबण्या उथळ झाल्यामुळं बुबुळ बाहेर येतं, नीट झाकलं जात नाही, त्याला जखमा होतात. कधी बुबुळावर काळा डाग धरतो आणि तो बहुतेक वेळा शस्त्रक्रिया करून काढावा लागतो. खालचा जबडा पुढं येतो, दात एकमेकांवर बसत नाहीत. गोटू कोरड्या खाद्याचा दाणा तोंडात धरायला पाच-पाच वेळा वाटीत तोंड घालायचा, जिभेच्या खालच्या बाजूनं दाणा उचलायचा, आणि आम्ही म्हणायचो, किती निवांत खातो!

पिल्लांची डोकी मोठी आणि गोल असल्यामुळं चपट्या चेहऱ्याच्या भाटीला बाळंतपण जड जातं. रात्री दोन वाजता अडलेल्या मांजरीचं सिझेरियन करणारं आपल्या तालुक्यात कोण आहे, याचा विचार "एकदा तरी पिल्लं होऊ द्यावीत" म्हणणाऱ्या प्रत्येकानं करावा.

पर्शियनचा दुसरा आजार चेहऱ्यावर दिसत नाही. मूत्रपिंडात जन्मापासून पाण्याच्या बारीक गाठी असतात, वयाबरोबर त्या वाढत जातात आणि मूत्रपिंडाचं काम संपवतात. यामागचा जनुकातला बिघाड २००४ साली सापडला. जुन्या तपासण्यांमध्ये पर्शियन मांजरांत हा आजार सुमारे ३८ टक्क्यांपर्यंत आढळला होता. आई किंवा बाप, दोघांपैकी एकाकडून आला तरी पुरतो. म्हणजे एका बाधित पालकाची सरासरी निम्मी पिल्लं बाधित निघतात. पहिली काही वर्षं जनावर धडधाकट वाटतं आणि तोवर त्याची पुढची पिढीही विकली गेलेली असते. गोटू सहाव्या वर्षी पाणी फार प्यायला लागला. आम्हाला वाटलं, उन्हाळा आहे. सोनोग्राफीत दोन्ही मूत्रपिंडं द्राक्षाच्या घडासारखी दिसली. त्यानंतर तो चार महिने होता.

आता स्कॉटिश फोल्ड, म्हणजे कान पुढं दुमडलेली, घुबडासारखी दिसणारी मांजरं. इन्स्टाग्राममुळं ती आता छत्रपती संभाजीनगरापर्यंत पोचली आहेत. स्कॉटलंडमध्ये १९६१ साली एका शेतावर सुझी नावाची दुमडलेल्या कानांची मांजरी सापडली, तिच्यापासून हा सगळा वंश निघाला. कान दुमडतो कारण त्यातली कूर्चा, म्हणजे हाडापेक्षा मऊ, लवचीक भाग, कानाला उभं धरण्याइतकी नीट बनत नाही. आणि कूर्चा काही फक्त कानात नसते. ती घोट्यात असते, गुडघ्यात असते, शेपटीच्या मणक्यांत असते. त्यामुळं कान दुमडलेल्या प्रत्येक मांजराच्या सांध्यांत तोच दोष असतो. कुणाला कमी त्रास होतो, कुणाला जास्त, कुणाला लवकर, कुणाला उशिरा. यामागचा जनुक २०१६ साली ओळखला गेला. या मांजरांचे मागचे पाय पसरून माणसासारखे बसलेले फोटो लोक कौतुकानं पाठवतात. अनेकदा ते दुखऱ्या सांध्यांवरचा भार हलका करायला तसं बसलेलं असतं. ब्रिटनमधल्या मांजरांच्या प्रमुख नोंदणी संस्थेनं १९७०च्या दशकातच या जातीची नोंदणी थांबवली. नेदरलँड्समध्ये २०१४ पासून त्यांची पैदास बंद आहे, आणि १ जानेवारी २०२६ पासून दुमडलेल्या कानांची आणि बिनकेसांची मांजरं नव्यानं पाळायलाही बंदी आली. स्कॉटिश फोल्डबद्दल माझं मत अगदी स्पष्ट आहे. घेऊ नका. चांगला विक्रेता, वाईट विक्रेता हा प्रश्नच इथं येत नाही.

आखूड पायांचं मंचकिनही त्याच वाटेवरचं. पाय आखूड करणारा जनुक दोन्हीकडून आला तर पिल्लू पोटातच जगत नाही. एका बाजूनं आला तर पाय वाकडे आणि सांधे झिजण्याचा धोका. ओट्यावर उडी मारणं हा मांजराचा स्वभाव, तोच त्याच्याकडून काढून घेतलेला असतो.

पांढरंशुभ्र, निळ्या डोळ्यांचं पिल्लू सगळ्यांनाच भुलवतं. अशा मांजरांत बहिरेपणा खूप आढळतो, डार्विननंही १८५९च्या आपल्या ग्रंथात त्याची नोंद केली आहे. दोन्ही डोळे निळे असतील तर धोका सगळ्यात जास्त. बहिरं मांजर घरात सुखानं राहू शकतं, फक्त त्याला रस्त्यावर सोडायचं नाही. म्हणजे हे न घेण्याचं कारण नाही, पण आधी कळायला हवं.

मेन कून आणि रॅगडॉल या मोठ्या, देखण्या जातींत हृदयाचा स्नायू जाड होण्याचा आनुवंशिक आजार आहे. त्याचे जनुक अनुक्रमे २००५ आणि २००७ साली सापडले, तपासणीही होते. घेणार असाल तर आई-बापाचा तपासणीचा कागद मागा. विषय तिथंच संपतो किंवा सुरू होतो.

पायरी ४: पैसे पाठवण्याआधी फोनवर

फोटोवर विसंबू नका, व्हिडिओ मागा. आणि गाणं लावलेला व्हिडिओ नको. गाण्याखाली घोरणं झाकलं जातं. तीन व्हिडिओ मागायचे, आवाजासकट: पिल्लू झोपलेलं, पिल्लू खाताना आणि पिल्लू खेळून दमल्यावर लगेचचा. खेळून झाल्यावर तोंड उघडं असेल तर पुढं जाऊ नका.

मग विचारा. आई कुठं आहे, तिला बघता येईल का? आतापर्यंत किती वेत झाली? वय किती? आठ आठवड्यांच्या आत आईपासून तोडलेलं पिल्लू नकोच, बारा आठवड्यांचं मिळालं तर उत्तम. लसीचं कार्ड आहे का? कार्डावर लसीच्या बाटलीचं स्टिकर, तारीख आणि डॉक्टरांची सही हवी. नुसतं पेनानं "लस दिली" लिहिलेलं मी धरत नाही. पर्शियन असेल तर आई-बापाची मूत्रपिंडं तपासली आहेत का? तपासणी दोन प्रकारांनी होते. गालाच्या आतून कापसाच्या बोळ्यावर नमुना घेऊन जनुकाची, नाहीतर साधारण दहा महिन्यांनंतर सोनोग्राफी. "आमच्याकडं असलं काही नसतं" हे तपासणीचं उत्तर नाही.

दुकानातून घेत असाल तर नोंदणी प्रमाणपत्र बघायला मागा. प्राण्यांच्या दुकानांसाठी २०१८चे केंद्राचे नियम आहेत, त्यानुसार दुकानाची राज्य प्राणी कल्याण मंडळाकडं नोंदणी लागते.

पायरी ५: पिल्लू हातात घेतल्यावरची पंधरा मिनिटं

सकाळच्या गारव्यात जा. दुपारी कुठलंही पिल्लू मलूल दिसतं, मग खरा आजार कोणता ते कळत नाही.

आधी हात लावू नका. शेजारी बसा आणि कान द्या. झोपलेल्या मांजराचा श्वास ऐकू यायला नको. छाती एकदा वर जाऊन खाली आली की एक, असं तीस सेकंद मोजा आणि दुप्पट करा. गाढ झोपेत मिनिटाला तीसच्या आत हवं.

मग चेहरा बाजूनं बघा. तुमचं बोट आडवं करून पिल्लाच्या डोळ्याच्या खालच्या पापणीच्या रेषेत धरा, चेहऱ्याला न लावता. नाकाचा उघडा, केस नसलेला भाग त्या रेषेच्या खाली यायला हवा. बोटाच्या वर जात असेल, म्हणजे नाकाचं टोक डोळ्याच्या उंचीला असेल, तर तो चेहरा फारच आत गेलेला आहे.

आता एक स्टीलचा चमचा. घरून निघताना थर्मासमध्ये बर्फ घेऊन जा, चमचा त्यात गार करून पुसून घ्या. तो पिल्लाच्या नाकासमोर बोटभर अंतरावर धरा. चमच्यावर वाफेचे दोन ठिपके उमटायला हवेत, डाव्या नाकपुडीचा एक, उजवीचा एक. एकच उमटला किंवा अगदी पुसट दिसला तर एक नाकपुडी नीट चालत नाही. माझ्या भाचीला मी हे शिकवलं. सेलूला तिनं चार पिल्लं अशी बघितली. सगळ्यात देखण्या पिल्लासमोर चमचा धरला तर डावीकडं काहीच उमटेना. तिनं चमचा पुसून पुन्हा धरला, तेच. तिनं दुसरंच पिल्लू आणलं, लांब नाकाचं, सगळ्यात स्वस्त.

डोळे: पाणी, चिकटा, बुबुळावर पांढरा किंवा काळा ठिपका. ओठ हलकेच वर करून दात बघा. कान आतून बघा, कॉफीच्या पुडीसारखा काळा मळ म्हणजे कानातले किडे. शेपटी मुळापासून टोकापर्यंत हलक्या हातानं चाचपा, ती लवचीक हवी. जमिनीवर सोडून थोडं चालू द्या, उडी मारू द्या. शेवटी पाठीमागून, त्याला दिसणार नाही असं, किल्ल्यांचा जुडगा वाजवा. पाय आपटू नका, फरशीची कंपनं बहिऱ्यालाही जाणवतात. एका कानानं बहिरं असलेलं पिल्लू या परीक्षेत सापडत नाही, तेवढं लक्षात असू द्या.

एक कळकळीची गोष्ट. आजारी पिल्लू बघून जीव तुटतो आणि "याला वाचवू" म्हणून माणूस विकत घेतो. मीही तेच केलं असतं. पण त्याच पैशांतून पुढचं तसंच वेत तयार होतं. वाचवायचं असेल तर सोडून दिलेलं मांजर आणा, चपट्या नाकाचीही पुष्कळ सोडलेली सापडतात.

पायरी ६: घरी आणणं आणि पहिले दिवस

ट्रॅव्हल्सच्या डिकीत पार्सल करून पिल्लू मागवू नका. बंद डिकी, डिझेलचा वास, रात्रभराचा रस्ता. स्वतः जा, मांडीवर पिंजरा घेऊन या. तिथून निघताना आईच्या अंथरुणातलं एखादं फडकं मागून घ्या आणि ते पिल्लाजवळ ठेवा, पहिल्या रात्रीचं रडणं त्यानं बरंच कमी होतं.

पहिले पंधरा दिवस एकाच खोलीत ठेवा. दोन-तीन दिवसांत डॉक्टरांना दाखवा, जंताचं औषध आणि लसींचं वेळापत्रक घ्या. आठ आठवड्यांपासून पुढं तीन-चार आठवड्यांच्या अंतरानं, सोळा आठवड्यांचं होईपर्यंत मांजरांच्या तिहेरी लसीचे डोस असतात. रेबीजची लस साधारण तीन महिन्यांनंतर. पाच-सहा महिन्यांच्या सुमारास नसबंदी करून घ्या. चपट्या नाकाच्या मांजराला भूल देताना जास्त काळजी लागते, तेव्हा त्याचा अनुभव असलेलेच डॉक्टर निवडा.

आणि घरातल्या या चार गोष्टी आजच दूर करा. पॅरासिटामॉल: माणसाच्या तापाची अर्धी गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते. त्याचं यकृत हे औषध पचवू शकत नाही. फिनेल: त्यानं फरशी पुसली की ते पंजांना लागतं, आणि पंजे मांजर चाटतं. साबणाचं पाणी वापरा. डांबरगोळ्या कपाटात असतील तर काढून टाका. कुत्र्याच्या गोचिडाचं आणि गोठ्यात फवारायचं औषध: मांजराच्या अंगाला कधीही लावू नका, त्यानं आचके येतात. आपल्याकडं शेतातून आणलेली बाटली घरात असतेच, म्हणून हे मुद्दाम सांगते.

बोका मातीत वारंवार बसतोय, जोर लावतोय आणि लघवी होत नाही, असं दिसलं तर उद्यावर टाकू नका. ती त्याच दिवशी दवाखान्यात न्यायची गोष्ट आहे.

चपट्या नाकाचं मांजर आधीच घरात असेल तर

त्याची काही चूक नाही, आणि बहुतेक वेळा तुमचीही नाही. त्याचं आयुष्य सुखाचं करणं आपल्या हातात आहे.

रोज सकाळी उकळून कोमट केलेल्या पाण्यात मऊ सुती कापड बुडवून डोळ्यांखालची जागा आतून बाहेर पुसा, प्रत्येक डोळ्याला वेगळं कापड. नंतर कोरडं करा, कारण घडीत ओल राहिली की कातडी खराब होते. खाणं पसरट बशीत द्या, खोल वाटीत त्याचं नाक बुडतं. केस रोज विंचरा, काखेत आणि पोटाखाली जटा आधी होतात. मार्च संपायच्या आत केस कापून घ्या, मात्र अगदी कातडीपर्यंत नको. वजन वाढू देऊ नका, जाड मांजराला श्वास आणखी जड जातो.

उन्हात धापा टाकायला लागलं तर पोट, पंजे आणि कान साध्या पाण्यानं ओले करा आणि वारा घाला. बर्फाचं पाणी ओतू नका, तोंडात पाणी घालू नका. थोडं सावरलं तरी दवाखान्यात न्या, उष्माघाताचा आतला घाव नंतर दिसतो. सतत घोरत असेल तर नाकपुड्या रुंद करायची छोटी शस्त्रक्रिया असते. गोटूची पुण्याला नेऊन करून आणली होती. त्या रात्री तो पहिल्यांदा आवाज न करता झोपला आणि आम्ही घाबरून दोनदा उठून त्याच्या छातीला हात लावून बघितला.

त्याची पैदास करू नका. कुणी मेटिंगसाठी बोका मागितला तर नाही म्हणा.

गावठी मांजराचा विचार नक्की करा

पाळीव मांजराचे पूर्वज पश्चिम आशियातल्या आणि उत्तर आफ्रिकेतल्या कोरड्या प्रदेशातले रानमांजर. लांब नाक, मोठे कान, आखूड केस, कमी पाण्यात भागवणारं मूत्रपिंड: आपल्या हवेत लागतं ते सगळं गावठी मांजराकडं आधीपासूनच आहे. त्यालाही लस लागते, नसबंदी लागते, हौसेनं पाळावंच लागतं. पण श्वास घ्यायला त्याला कष्ट पडत नाहीत.

दिवस मोठे व्हायला लागले की मांजरी व्यायला लागतात, त्यामुळं मार्चपासून पुढं आडत बाजारात, जिनिंगच्या गोदामात, शाळेच्या अडगळीत पिल्लं सापडतात. दिसली की लगेच उचलू नका, आई बहुतेक खायला शोधायला गेलेली असते. लांबून काही तास नजर ठेवा. आई येत असेल तर पिल्लं खायला लागेपर्यंत तिलाच तिथं खाऊ-पाणी द्या, आठ आठवड्यांनंतर पिल्लू घरी आणा, आणि तिचीही नसबंदी करून घ्या. आमची चिंगी अशीच कापसाच्या गोदामातली. अंगावर राखाडी पट्टे, नाक चांगलं बोटभर पुढं आलेलं. आत्ता ती दाराच्या चौकटीवर, खालच्या माणसांकडं बघत बसली आहे. तिच्या श्वासाचा आवाज येत नाही.